हायड्रोपोनिक्स

हायड्रोपोनिक्स किंवा मातीविना शेती ही मातीऐवजी पाण्यात विरघळलेल्या खनिज पोषकद्रव्यांवर वनस्पती वाढविण्याची पद्धत आहे.

इतिहास

युलियुस फॉन झाक्स व विल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास पोषक द्रावणांचे पायाभूत प्रयोग केले. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये रूढ केले. त्यांच्या भरघोस उत्पन्नाच्या दाव्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. मात्र त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड व डॅनियल आरनॉन यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले की, हे उत्पन्न सुपीक मातीतील उत्पन्नाहून सरस नसते. त्यांच्या द्रावणाचे सूत्र प्रयोगशाळांत आजही वापरले जाते.

पोषक द्रावण

नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक व सूक्ष्म अन्नद्रव्ये द्रावणातून पुरविली जातात. संहत स्वरूपात कॅल्शियमचा सल्फेट व फॉस्फेटशी संयोग होऊन साका बसतो. म्हणून ती द्रावणे दोन वेगळ्या टाक्यांत ठेवतात. द्रावणाचा सामू साधारणतः ५.५ ते ६.५ राखला जातो. सामू वाढल्यास लोह असूनही मुळांना मिळत नाही व कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडतात. अशा वेळी खत वाढविण्याऐवजी सामू सुधारणे आवश्यक असते.

पद्धतीची निवड

पातळ प्रवाह पद्धतीत पाणी कमी लागते, परंतु पंप बंद पडल्यास मुळे लवकर सुकतात. कोकोपीटसारखे माध्यम ओलावा धरून ठेवते. त्यामुळे नवशिक्यांसाठी ते अधिक सुरक्षित ठरते.