हत्यारांच्या खणांना अल्पखर्ची अस्तर

या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीवर, गुणवंत विद्यार्थ्यांवर आणि दात्यांवर लिहिणारे अनेकजण आहेत. आम्ही त्या मानाने फारच लहान विषय घेत आहोत : कार्यशाळेतील हत्यारांच्या कपाटाचे खण आणि त्या खणांच्या तळाशी अंथरावयाचे अस्तर. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. निवासी शाळेत तास संपला म्हणून शिक्षकाचे काम संपत नाही. कपाटांच्या किल्ल्या फिरत फिरत सर्वांच्याच हाती येतात, आणि किल्ली हाती आली की खणात काय चालले आहे तेही दिसू लागते. आमच्या वाचकांत सुतारकाम, गवंडीकाम, नळकाम, मोटारदुरुस्ती करणारे पालक आहेत, कारखान्यांत नोकरी करणारे माजी विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरी हत्यारांची पेटी हेच भांडवल असते; म्हणून हा विषय केवळ शाळेपुरता नाही.

पत्र्याचा खण ओढताना आणि लावताना आतील हत्यारे घसरतात व एकमेकांवर आपटतात. हातोडीला त्याचे काही वाटत नाही. परंतु पटाशीची धार, करवतीचे दात, ड्रिलच्या बिटचे टोक यांना प्रत्येक धक्क्याने थोडी थोडी इजा होते. बोथट पटाशी पुन्हा घासता येते हे खरे; पण प्रत्येक घासणीत पोलाद झिजते, आणि अनेक वर्षे चालू शकणारी पटाशी लवकरच बोटभर उरते. शिवाय बोथट हत्याराला जोर जास्त द्यावा लागतो, आणि जोरात रेटलेली पटाशी सटकली की ती लाकडाऐवजी डाव्या हातात शिरते. नवशिक्या मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक.

दुसरा शत्रू गंज. लोखंड गंजण्यासाठी ते पाण्यात बुडावे लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर जमतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे त्याहून दमट राहते. रात्री पत्रा थंड पडतो, त्यावर दव धरते, आणि ते पाणी हत्यार व पत्रा यांच्या फटीत अडकून बसते. तेथे वारा पोहोचत नाही. म्हणूनच पाना वरून चकचकीत आणि उलटून पाहिला तर तांबडा, असा प्रकार दिसतो. हाताच्या घामातील मीठ त्यात भर घालते.

तेव्हा अस्तराकडून दोनच अपेक्षा ठेवाव्यात. त्याने हत्यार जागचे हलू देऊ नये, आणि पाणी धरून ठेवू नये. यातील दुसरी अपेक्षा बहुतेक ठिकाणी विसरली जाते. पाणी पिणारे अस्तर हे अस्तर नसण्यापेक्षा वाईट, कारण ते ओल हत्याराला चिकटवून ठेवते.

या कसोटीवर आपल्या घरोघरी चालणारी पहिली तीन अस्तरे नापास होतात : वर्तमानपत्र, खोक्याचा पुठ्ठा आणि गोणपाट. कागद व पुठ्ठा हवेतील ओल शोषतात, आणि हलक्या प्रतीच्या कागदात आम्लाचा अंशही असतो. गोणपाट तर पावसाळ्यात स्वतःच ओलसर लागते. खताचे किंवा मिठाचे पोते धुऊनसुद्धा वापरू नये. धाग्यांत उरलेले क्षार लोखंड खातात. चामड्याचा तुकडा दिसायला उत्तम, परंतु कातडे कमावण्यातील आम्ले व क्षार पोलादाला डागतात. पटाशी चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही.

मग जुन्या काळच्या उत्तम हत्यारपेट्यांत लोकरीचा नमदा का असे? अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे १९०६ साली सुरू झालेल्या गर्स्टनर कारखान्याच्या लाकडी पेट्या यंत्रकारागिरांत प्रसिद्ध आहेत. त्यांच्या खणांना हिरवा नमदा लावलेला असतो. त्या पेट्या मुख्यतः मायक्रोमीटरसारख्या मोजमापाच्या नाजूक साधनांसाठी, आणि ती साधने बाळगणारा कारागीर ती रोज पुसणारा, तेलाचा हात फिरवणारा. एका माणसाची पेटी आणि चाळीस मुलांचे कपाट यांत फरक आहे. आपल्याकडे नमद्याच्या जागी जुन्या घोंगडीचा तुकडा चालेल, पण तो कोरड्या खोलीत, रोज उघडल्या जाणाऱ्या खणातच. एरवी तो ओल धरतो आणि त्याला कसरही लागते.

आमच्या मते सर्वांत उपयोगी अस्तर म्हणजे ट्रकची जुनी ट्यूब. विहिरीत पोहायला शिकताना जी आपल्याला तारून नेत असे, तीच. पंक्चर काढणाऱ्याकडे ठिगळे लावण्यापलीकडे गेलेली ट्यूब नाममात्र किमतीत मिळते, पुष्कळदा फुकटही. ती पाणी पीत नाही, हत्याराला घट्ट धरते, आणि एका ट्यूबमध्ये अनेक खण होतात. सायकलच्या ट्यूबची उभी चिरलेली पट्टी साधारण चार बोटे रुंद निघते. ती अरुंद खणांना पुरते.

ट्यूब आतल्या बाजूने उभी चिरावी आणि साबणाच्या पाण्याने धुऊन आतील भुकटी काढावी. सावलीत वाळवून उलट्या बाजूने गुंडाळून एक रात्र वजनाखाली ठेवली की तिचा बाक बराचसा जातो. प्रथम जाड कागदाचा नमुना खणात बसवून पाहावा, मग त्यावरून रबर कापावे. प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवावे, कोपरे गोल करावेत. कापताना पोलादी पट्टी धरून कटर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवावा. एकाच दमात कापण्याच्या नादात बोटे कापली जातात. अस्तर खणाला चिकटवू नये. ते बाहेर काढून झटकता आले पाहिजे, नाहीतर त्याखाली जमलेला कीस आणि ओल कोणाला दिसत नाही.

रबराचे दोन दोष सांगितले पाहिजेत. खनिज तेलाने ट्यूबचे रबर फुगते व पिचपिचीत होते. म्हणून हत्याराला तेल लावल्यावर ते कोरड्या फडक्याने पुसून मगच खणात ठेवावे. तेलही शिलाई मशिनचे पातळ तेल असावे. खोबरेल काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरते. दुसरे असे की रबरात गंधक असते, आणि त्याने पितळ व तांबे काळवंडते. ओळंब्याचा पितळी गोळा वा पितळी मापे सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवावीत.

फ्लेक्सच्या फलकांविषयी आम्हांला नेहमी विचारले जाते, कारण वाढदिवसांच्या कृपेने गावोगाव त्यांचा तुटवडा नाही. फ्लेक्स पाणी पीत नाही, पण गुळगुळीत असल्याने हत्यार त्यावर घसरते. त्यातील पीव्हीसीत मऊपणासाठी मिसळलेले पदार्थ कालांतराने स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीलाही चिकट करू शकतात. रबराखाली आडपडदा म्हणून तो अंथरता येईल. पुढाऱ्यांचे मुख वर की खाली, हे ज्याने त्याने ठरवावे. उरलेले तुकडे मात्र शेकोटीत टाकू नयेत. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असते. ते मुलांच्या फुप्फुसांना अपायकारक, आणि जवळच्या हत्यारांनाही.

आता फोमच्या अस्तराकडे वळू. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडून घालतात त्या रंगीत चटया बहुधा ईव्हीए फोमच्या असतात, साधारण एक सेंटिमीटर जाड. हवाई चपलांचे जुने तळवेही लहान हत्यारांसाठी चालतात. या फोममध्ये हत्याराच्या आकाराची खोबण कापता येते. वर गडद रंगाचा जाड थर, खाली पिवळा किंवा लाल पातळ थर. हत्यारे मांडून खडूने बाह्यरेषा काढावी, बोट घालून उचलता येईल एवढी जागा बाजूला सोडावी, वरचा थर कापून खालच्यावर चिकटवावा. चप्पल जोडण्याचे सोल्युशन पुरते. मात्र त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस अस्तर उघड्यावर ठेवावे. हत्यार उचलले की त्याच्या आकाराचा पिवळा डाग दिसतो. विमानदुरुस्तीच्या कार्यशाळांत हीच पद्धत आहे, कारण तेथे इंजिनात विसरलेला एक पाना अनेकांच्या जिवावर बेतू शकतो.

आमच्यासाठी या पिवळ्या डागाचे महत्त्व वेगळे आहे. वसतिगृहात एखादी पक्कड हरवली आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की मुलांच्या पेट्या उघडण्याची भाषा सुरू होते. पेटी कोणाची आधी उघडायची, हे मोठ्या माणसांनी मनात आधीच ठरवलेले असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला होता. कायदा १९५२ साली गेला. ती नजर सगळी गेली असे म्हणवत नाही. ज्या मुलाची पेटी सर्वांदेखत उपसली जाते, ते मूल पुन्हा कार्यशाळेत मन लावून उभे राहत नाही, पक्कड नंतर बाकाखाली सापडली तरीही. खोबणींचा खण तास संपण्यापूर्वीच सांगतो की अमुक जागा रिकामी आहे. तेव्हा सारी मुले समोर असतात, कीसही झाडलेला नसतो, आणि नव्वद टक्के नव्हे तर जवळजवळ प्रत्येक वेळी हत्यार बाकाखालीच असते. संशयाला सवडच मिळत नाही.

म्हणून सर्वच खणांत खोबणी कापण्याचा हव्यास नसावा. पाने, हातोड्या, कानशी यांना साधी ट्यूब पुरते. जी हत्यारे रोज वाटली जातात आणि सहज खिशात मावतात, तेवढ्यांनाच खोबणी द्याव्यात. करवतीच्या दातांवर बागेच्या जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा बसवावा.

विज्ञानाच्या शिक्षकांनी एक प्रयोग अवश्य करून घ्यावा. मोठ्या झाकणाच्या डब्यात वाटीभर पाणी ठेवून भोवती पुठ्ठा, गोणपाट, घोंगडी, ट्यूब आणि फोम यांचे कोरडे तुकडे मांडावेत, प्रत्येकावर घासून स्वच्छ केलेला एकेक खिळा ठेवावा आणि आठवड्याने खिळे उलटून पाहावेत. आमचे म्हणणे तपासण्याचा तोच मार्ग आहे.

मेअखेरीस सर्व अस्तरे बाहेर काढून धुवावीत, वाळवावीत. पावसाळ्यात दर पंधरवड्याला खण उघडून हत्यारे पुसावीत. कार्यशाळेसाठी काही पाठवण्याची इच्छा असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ट्रकच्या टाकाऊ ट्यूब आणि दोन वेगळ्या रंगांतील फोमच्या चटया पाठवाव्यात. फ्लेक्स नको, तो आमच्याकडे भरपूर आहे.