एका यंत्रांतील अनेक संगणक : ते कसे थांबवावे व कसे सुरू करावे

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींत गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार होय. वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचीं कामेंही पुष्कळदां त्याच वारीं काढलीं जातात. बहुतेक कामगार त्या दिवशीं घरीं असतात. परंतु मोठ्या कारखान्याचा सर्व्हर थांबवून पुन्हा चालू करावयाचा असेल, तर तो सांभाळणाऱ्यांस सुट्टीचा दिवसच सोयीचा पडतो. हें काम बटण दाबण्याइतकें सोपें कां नाहीं, तें येथें पाहूं.

सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागणीप्रमाणें माहिती पुरविणारा संगणक. मोठ्या सर्व्हरचे आंतल्या आंत विभाग पाडतां येतात. आयबीएम कंपनीच्या २००१ सालच्या पी-६९० या सर्व्हरमध्यें ३२ पर्यंत प्रोसेसर बसत व त्याचे १६ पर्यंत विभाग करतां येत. प्रत्येक विभागास प्रोसेसरचा व स्मृतीचा आपला वांटा मिळतो, आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही स्वतंत्र असते. एका विभागांत हजेरी व पगार, दुसऱ्यांत मालाचा सांठा, तिसऱ्यांत पाठवणीचीं चलनें, अशी व्यवस्था करतां येते.

जुन्या पुण्यांतील वाड्याचें उदाहरण घ्या. बिऱ्हाडें अनेक, प्रत्येकाची चूल निराळी, पण पाण्याचा हौद एकच. २००४ च्या सुमारास या सर्व्हरांत असाच एक हौद आला. त्यास व्हर्च्युअल आय-ओ सर्व्हर म्हणतात. हाही एक विभागच असतो. परंतु इतर विभागांस डिस्क व नेटवर्क त्याच्यामार्फत मिळतें. तो अकस्मात् बंद पडला, तर त्याच्यावर विसंबलेले सर्व विभाग एकदम अडतात.

आतां धोका कोठें आहे तो पाहा. चालू कामाची पुष्कळशी माहिती आधीं स्मृतींत असते व मग डिस्कवर लिहिली जाते. वीज गेली कीं स्मृतींतील सर्व कांहीं पुसलें जातें. चांगला डेटाबेस आपल्या नोंदवहीवरून बरेंचसें सावरून घेतो हें खरें. पण त्यास वेळ लागतो, आणि प्रत्येक वेळीं सर्व सावरेलच अशी खात्री नसते. चाकणसारख्या ठिकाणीं वाहनें जोडणाऱ्या कारखान्यांस सुटे भाग अगदीं वेळेवर लागतात. चलन निघालें नाहीं तर मालमोटार फाटकाशींच उभी राहते, आणि तिकडे जोडणीची रांग खोळंबते. पगाराची नोंद बिघडली तर त्याची झळ थेट कामगाराच्या घरास पोंचते.

म्हणून थांबविण्याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम माहितीची प्रत सुरक्षित काढून ठेवावी व वापरणाऱ्या सर्वांस सूचना द्यावी. मग कामाचे प्रोग्रॅम बंद करावे, त्यानंतर डेटाबेस. पुढें प्रत्येक विभाग त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्याच आज्ञेनें बंद करावा. नियंत्रणाच्या कन्सोलवरून विभाग तात्काळ तोडतां येतो. परंतु तसें करणें म्हणजे वीज खेंचण्यासारखेंच होय. तो उपाय विभाग मुळींच दाद देत नसेल तेव्हांचा. सर्व विभाग थांबल्याचें कन्सोलवर दिसल्यावर व्हर्च्युअल आय-ओ सर्व्हर थांबवावा, आणि सर्वांच्या शेवटीं मूळ यंत्र.

सुरू करतांना हाच क्रम उलटा : आधीं यंत्र, मग आय-ओ सर्व्हर, तो तयार झाल्यावर इतर विभाग, मग डेटाबेस आणि शेवटीं प्रोग्रॅम. जेथें असे दोन आय-ओ सर्व्हर असतात, तेथें एक चालू ठेवून दुसरा पुन्हा सुरू करतां येतो. मात्र त्यापूर्वीं पहिल्याची वाट नीट चालते कीं नाहीं हें तपासलेंच पाहिजे.

एक बारीक भेदही ध्यानांत ठेवावा. विभागाच्या लेखी आराखड्यांत स्मृतीचा वांटा बदलला असेल, तर विभाग आंतून नुसता पुन्हा सुरू केल्यानें तो बदल लागू होत नाहीं. विभाग पूर्ण बंद करून कन्सोलवरून त्या आराखड्यानें नव्यानें सुरू करावा लागतो.

सारांश, जो दुसऱ्यावर विसंबून आहे त्यानें आधीं थांबावें, आणि ज्याच्यावर इतर विसंबून आहेत त्यानें शेवटीं. विद्यार्थ्यांनीं घरच्या संगणकापासूनच ही संवय लावून घ्यावी : आधीं आपलें काम जतन करावें, मग प्रोग्रॅम मिटावे, नंतर संगणक त्याच्या आज्ञेनें बंद करावा, आणि मगच विजेच्या बटणास हात लावावा.