पागेची वास्तुरचना आणि तिचा पुनर्वापर : त्र्यंबकेश्वरच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी वाड्याच्या अभ्यासात दिवाणखाना, देवघर आणि माजघर यांचे वर्णन विस्ताराने आढळते. पागा मात्र बहुधा एका वाक्यात संपते. वस्तुतः मूळ प्रयोजन संपल्यानंतरही नव्या उपयोगास सहज सामावून घेणारा वाड्याचा भाग म्हणजे पागा होय. प्रस्तुत लेखात पागेची रचना, तिच्या पुनर्वापराची शक्यता व मर्यादा यांचा विचार केला आहे.

पागेची रचना

सरदार-वतनदारांच्या वाड्यात पागेचे स्थान सामान्यतः बाहेरच्या चौकात, दिंडी दरवाजा व देवडी यांच्या निकट असे. त्यामुळे घोड्यांची ये-जा घरातील वावरापासून वेगळी राही. पागेची एक बाजू भिंतीची, तर चौकाकडील बाजू खांबांची व मोकळी असे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई आणि वर कडीपाट अशी ही रचना होय. दोन खांबांमधील अंतर म्हणजे ‘खण’. हा खण अगाडी-पिछाडी लावून बांधलेल्या एका घोड्याच्या रुंदीस पुरेसा असे.

या साधेपणामागे निश्चित कारणे होती. मलमूत्राचा उग्र वास निघून जाण्यासाठी हवा खेळती हवी, जमीन धुता यावी म्हणून फरसबंदी हवी आणि पाणी वाहून जाण्यासाठी उतार हवा. म्हणजेच पागेचे सौंदर्य अलंकरणात नसून खणांच्या पुनरावृत्तीत आणि प्रयोजनाशी असलेल्या सुसंगतीत आहे.

प्रयोजनाचा बदल

इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि घोडदळावर आधारलेली लष्करी व्यवस्था मोडली. पागा रिकाम्या झाल्या. पुण्यातील हुजूरपागा हे या स्थित्यंतराचे सर्वपरिचित उदाहरण. न्या. म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने इ. स. १८८४ मध्ये स्थापन झालेली मुलींची शाळा पुढे पेशव्यांच्या या पागेच्या जागी नांदू लागली. ‘हुजूरपागा’ हा शब्द उच्चारताच आज घोडे नव्हे, तर स्त्रीशिक्षण आठवते. जागेचा अर्थ किती बदलू शकतो, हे यातून दिसते. परंतु नाव टिकले म्हणजे वास्तू टिकली असे नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

स्कॉटलंडमधील कल्झीन या इस्टेटीवर रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाने अठराव्या शतकात अंगणाभोवती रचलेला शेतीचा इमारतसमूह आज अभ्यागतांसाठी वापरला जातो. अंगण मोकळे राहिल्यामुळे मूळ रचना तेथे वाचता येते. आपल्या चौकालाही हेच तत्त्व लागू पडते.

त्र्यंबकेश्वरचा प्रश्न

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, इ. स. १७५५ मध्ये, त्र्यंबकेश्वर मंदिराच्या विद्यमान वास्तूचे काम सुरू झाले व ते १७८६ मध्ये पूर्ण झाले. मंदिराच्या काळ्या पाषाणाकडे सर्वांचे लक्ष जाते. भोवतीच्या वाड्यांकडे क्वचितच. सन २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये येत असून यात्रेकरूंच्या निवासाची गरज खरी आहे. या गरजेपोटी जुना वाडा पाडणे हा एकच मार्ग मानला जातो. ज्या वाड्यांत पागा, गोठा अथवा देवडीचे खण टिकून आहेत, तेथे दुसरा मार्ग उपलब्ध आहे. सामानघर, वाचनालय, प्रथमोपचार केंद्र किंवा यात्रेकरूंची विश्रांतीची ओसरी यांसाठी खणांची रचना मोडावी लागत नाही.

मात्र काही पथ्ये अनिवार्य आहेत. जनावरांच्या मलमूत्रातील क्षार जमिनीत व भिंतीत मुरलेले असतात. ओल येताच ते लोण्याच्या रूपाने बाहेर पडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल कोंडते आणि भिंत आतून पोखरली जाते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी असलेल्या या अतिपर्जन्याच्या गावात हा धोका अधिक. म्हणून चुन्याचा गिलावाच योग्य. खांबांमधील मोकळी जागा विटांनी बुजवू नये; आडोसा हवा असल्यास तो लाकडी व काढता येण्याजोगा असावा. फरशीचा मूळ उतार बदलू नये. स्वच्छतागृहे जुन्या भिंतींपासून दूर बांधावीत.

समारोप

पागा ही राजवैभवाची नव्हे, तर श्रमाची वास्तू आहे. मोतद्दार आणि खिजमतगार यांचा दिवस तेथे गेला. दिवाणखाना जपून पागा पाडली, तर इतिहासातील मालक उरतो आणि चाकर पुसला जातो. खण, चौक आणि उतार या तीन गोष्टी राखून नवा उपयोग स्वीकारणे, हाच पुनर्वापराचा निकष असावा. सिंहस्थ बारा वर्षांनी पुन्हा येतो. पाडलेला वाडा पुन्हा येत नाही.