खान्देशातून द्राक्षांच्या मुलखात : नाशिकच्या वायनरी सहलीचे नियोजन

केळी आणि कापूस यांच्या मुलखात राहणाऱ्या जळगाव-धुळेकरांना द्राक्षांचा मुलूख फारसा दूर नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगाव मागे टाकून चांदवड ओलांडले, की पिंपळगाव बसवंतच्या परिसरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडवावर चढलेल्या द्राक्षवेली दिसू लागतात. धुळे ते नाशिक हे अंतर जेमतेम दीडशे किलोमीटरच्या आसपास. तरीही खान्देशातील कुटुंबांची नाशिकवारी पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि वणीची सप्तशृंगी यांपुरतीच राहत आली. अलीकडच्या काळात या यादीत वायनरीची भर पडली आहे. मात्र देवदर्शनाची सहल आणि वायनरीची सहल यांचे नियोजन सारखे नसते. हंगाम, कायदा आणि परतीचा प्रवास या तीन गोष्टींचा विचार आधी केला नाही, तर पदरी निराशा येते आणि क्वचित दंडही भरावा लागतो.

नाशिकच का?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, तर तापीकाठचे जळगाव दोनशे मीटरच्या आसपास. वाइनच्या द्राक्षांना दिवसा भरपूर ऊन आणि रात्री गारवा लागतो. उन्हाने फळात साखर भरते, तर थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. या दोहोंचा तोल साधला, तरच वाइन रुचकर होते. खान्देशात फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते आणि तापीकाठची खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते. केळी-कापसाला ती मानवते. वाइनच्या द्राक्षाला मात्र निचऱ्याची, उताराची, हलकी जमीन हवी असते. नाशिकच्या द्राक्षबागांशी जळगावचे नाते आहे ते वेगळ्याच मार्गाने. थेंब थेंब पाणी देणाऱ्या ज्या ठिबक सिंचनावर या बागा पोसल्या जातात, त्या तंत्राचा देशभर प्रसार करण्यात जळगावच्या उद्योगाचा मोठा वाटा आहे.

या भागात राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यातील विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला मिळालेले मानांकन याच प्रकारचे आहे.

केव्हा जावे?

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडील उष्ण हवामानात ती वर्षभर जागीच असते. म्हणून नाशिकचा शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यामुळे फळ देणाऱ्या काड्या तयार होतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळ छाटणी होते आणि त्यानंतर घड लागतात. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात चालते. वेलीवरचे घड, काढणी आणि गाळप हे सारे एकाच भेटीत पाहायचे असेल, तर हाच काळ निवडावा. एप्रिल-मे महिन्यांत बागा उघड्याबोडक्या असतात. पावसाळ्यात परिसर हिरवागार आणि गंगापूर धरण भरलेले असते. पण वेलीवर द्राक्षे नसतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

गर्दीचाही अंदाज घ्यावा. २००८ मध्ये सुरू झालेला 'सुला फेस्ट' हा संगीत महोत्सव २०२० नंतर काही वर्षे खंडित होता. २०२५ मध्ये तो पुन्हा भरला. महोत्सवाच्या दिवसांत निवासाची सोय मिळणे कठीण होते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या मुख्य पर्वण्या आहेत. त्या दिवसांत केवळ वायनरीसाठी नाशिक गाठण्याचा बेत टाळलेलाच बरा. २६ जानेवारी ही तारीखही ध्यानात ठेवावी. ऐन हंगामात येणारी ही सुटी सहलीसाठी सोयीची वाटते. परंतु त्या दिवशी मद्यविक्री बंद असते. निवडणुकांच्या काळातही असे कोरडे दिवस येतात.

कोठे आणि कसे जावे?

नाशिकच्या वायनरी एका जागी नाहीत. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. त्यांपैकी यॉर्क २०२१ पासून सुलाच्या मालकीची आहे. दिंडोरीच्या बाजूला फसफसणारी वाइन करणारी 'शाँदों' आहे, तर इगतपुरी तालुक्यात 'ग्रोव्हर झाम्पा' आणि 'व्हलोन'. विंचूर पूर्वेला, निफाड-येवला रस्त्यावर आहे. एकाच दिवसात या चारही दिशा गाठण्याचा अट्टहास करू नये. एक दिशा आणि दिवसाला फार तर दोन वायनरी, हे प्रमाण योग्य. सर्वच ठिकाणी आयत्या वेळी प्रवेश मिळत नाही. भेटीच्या वेळा, शुल्क आणि आगाऊ नोंदणी यांची चौकशी दूरध्वनीवरून आधीच करावी.

जळगाव, भुसावळ किंवा चाळीसगावकरांना रेल्वे सर्वांत सोयीची. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून मनमाडमार्गे थेट नाशिकरोडला उतरता येते. मात्र नाशिकरोड स्थानक शहराच्या एका टोकाला आणि गंगापूरचा परिसर दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे पुढच्या वाहनाची सोय करून ठेवावी. जळगावहून मोटारीने जाऊन त्याच दिवशी परतणे दमछाक करणारे ठरते. एक मुक्काम हवाच.

मोटारीने जाणाऱ्यांनी चालक कोण, याचा निर्णय घरून निघण्यापूर्वी घ्यावा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यासाठी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाइनमध्ये साधारणतः बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो. 'थोडीशी चाखली' एवढ्याने रात्रीच्या महामार्गावरील धोका टळत नाही. भाड्याचे वाहन घ्यावे किंवा न पिणाऱ्याच्या हाती चाके द्यावीत.

वायनरीत काय पाहावे?

खाण्याच्या द्राक्षांहून वाइनची द्राक्षे निराळी असतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. थॉमसन किंवा सोनाकाची सवय असलेल्याला शेनिन ब्लाँ अथवा शिराझचा घड पाहून आश्चर्य वाटते. लाल वाइनचा रंग रसातून येत नाही, तर सालीतून येतो. म्हणून लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात, तर पांढरीसाठी साल आधीच वेगळी काढतात. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. या क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने पोलादी टाक्या सतत थंड ठेवाव्या लागतात. काही वाइन पुढे ओकच्या पिंपांत मुरवतात. मार्गदर्शकाला प्रश्न विचारावेत. टाक्यांसमोर छायाचित्रे काढून परतण्यापेक्षा त्यातून अधिक हाती लागते.

टेस्टिंग रूममध्ये आधी पांढरी, मग लाल आणि शेवटी गोड वाइन असा क्रम असतो. रंग पाहावा, वास घ्यावा, मग लहान घोट. घोट गिळलाच पाहिजे असे नाही. तो टाकून देण्यासाठी भांडे ठेवलेले असते. वाइन चाखण्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी परवाना लागतो आणि एका दिवसाचा परवानाही मिळतो. वाइन 'आरोग्यदायी' असल्याचा समज मात्र सोडून द्यावा. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. न पिणाऱ्यांनाही बागा, धरणाचा परिसर आणि ताजी द्राक्षे यांत दिवस आनंदात घालवता येतो.

बाटली घरी आणताना

खान्देशच्या उन्हात सर्वांत मोठी चूक होते ती परतीच्या वाटेवर. मार्चच्या दुपारी बंद मोटारीच्या डिकीत ठेवलेली वाइन तापते आणि तिची चव बिघडते. बाटल्या जाड कापडात गुंडाळून थंड पेटीत ठेवाव्यात आणि बिल जवळ असू द्यावे. घरी शीतकपाटाबाहेर उन्हाळाभर साठवण करू नये. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, असे म्हणतात ते युरोपातील सोळा-अठरा अंशांच्या खोलीविषयी. जळगावच्या चाळीस अंशांच्या खोलीविषयी नव्हे. उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.

आणखी एक सावधगिरी. नाशिकला जोडून सापुताऱ्याला जाण्याचा बेत अनेकजण आखतात. सापुतारा गुजरातेत आहे आणि तेथे दारूबंदी आहे. बाटल्या घेऊन ती सीमा ओलांडणे गुन्हा ठरते. हाच नियम नवापूरमार्गे सुरतला जाणाऱ्यांनाही लागू आहे. सापुतारा पाहायचेच असेल, तर ते आधी पाहावे आणि खरेदी परतताना करावी.

बागेमागचा शेतकरी

वायनरीचे देखणे दालन पाहताना मागची शेती विसरू नये. अनेक वायनरी स्वतःच्या बागांखेरीज करारावर शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेतात. वाइनचे वाण खाण्यासाठी विकता येत नाही, त्यामुळे वायनरीने पाठ फिरवली तर शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक उरत नाही. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा वाइनची द्राक्षे पडून राहिली आणि अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. केळीचे भाव कोसळताना पाहिलेल्या खान्देशी माणसाला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून शक्य असेल, तर सहलीतला एखादा तास एखाद्या बागाईतदाराशी बोलण्यासाठी राखून ठेवावा. अवकाळी पाऊस, गारपीट, औषध फवारणीचा खर्च आणि कराराचा भाव यांविषयी त्याच्याकडून जे कळते, ते कोणत्याही टेस्टिंग रूममध्ये कळत नाही.