मॅनिफोल्ड फिरवला आणि एक नंबरचा पिस्टन गेला

'टर्बो' हा शब्द उच्चारला की आपल्या होस्टेलच्या प्रत्येक विंगमधून किमान दोन एक्स्पर्ट बाहेर येतात. मीही त्यातलाच एक होतो. आता नाही. का नाही, ते सांगायलाच हा लेख.

वाणगावला आमची मिरचीची वाडी आहे. ती बघतो माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा. दादाला दोनच नाद, ढोबळी मिरचीचं पॉलीहाऊस आणि गाड्या. त्याने जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. ऑक्टाव्हिया 2001 पासून औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) जोडली जायची. त्यातल्या आरएसमध्ये 1.8 लिटरचं, 20 व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएसचं. तेव्हा इथे टर्बो म्हणजे डिझेल असा समज होता, म्हणून ज्यांना पेट्रोल टर्बो हवा त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे देवच.

दादाने पहिलं काम केलं ते पुढच्या बंपरमागे मोठा इंटरकूलर बसवण्याचं. टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. 30 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, कॉम्प्रेसरची एफिशियन्सी 70 टक्के धरली, तर ती सव्वाशे अंशांच्या आसपास जाते (थर्मोच्या पेपरात हे गणित हमखास येतं, सोडवून बघा). ती गार करायला इंटरकूलर. पण नवीन इंटरकूलरमधून हवा बाहेर पडायची डावीकडे, गिअरबॉक्सच्या बाजूला. थ्रॉटल बॉडी मात्र उजवीकडे, टायमिंग बेल्टच्या बाजूला. म्हणजे पाइप अख्खी गाडी आडवी ओलांडून, चार बेंड घेत परत यायचा.

यावर उपाय म्हणजे मॅनिफोल्ड उलटा करणं. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे काय, तर एक पेटी (प्लेनम) आणि तिच्यातून निघून चार सिलिंडरकडे जाणाऱ्या चार नळ्या (रनर). पेटीच्या एका टोकाला थ्रॉटल. तो दुसऱ्या टोकाला नेला की पाइप सरळ वर, काम खलास! आणि ही कल्पना काही गॅरेजवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही. याच घराण्याचं 1.8 टर्बो इंजिन ऑडीने 225 पीएसच्या टीटीमध्ये घातलं, तेव्हा त्या गाडीचा थ्रॉटल गिअरबॉक्सच्याच बाजूला होता. परदेशात लोक तो मॅनिफोल्ड शोधून आणतात. आम्हाला तो मिळणार कुठून? मग तारापूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे जाऊन मूळ फ्लँज आणि रनर ठेवले, पेटी कापली आणि अॅल्युमिनियमची नवी पेटी टिग वेल्डिंगने लावून घेतली. थ्रॉटल डावीकडे आला. बॅटरी आडवी येत होती, ती डिकीत गेली. ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी नव्याने ओढली. त्या नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो उलटा बसला तर बूस्टरला व्हॅक्यूमच मिळत नाही आणि ब्रेक दगडासारखा लागतो. आमचा मेकॅनिक ते दोनदा तपासून गेला, त्याला मार्क द्यायला हवेत.

आता थोडं गणित. सगळे म्हणतात की पाइप लहान केला की टर्बो लॅग जातो. आम्ही वाचवलेला पाइप साधारण 70 सेंटिमीटर, आतला व्यास 60 मिलिमीटर. म्हणजे आकारमान झालं दोन लिटर. 1.8 लिटरचं इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला जवळपास 45 लिटर हवा ओढतं. दोन लिटरची जादा जागा 1 बार बूस्टपर्यंत भरायला दोन लिटर जादा हवा, म्हणजे 0.04 सेकंद. खरं तर इंजिनाने ओढून उरलेली हवाच पाइप भरते, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. तरी पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो! लॅग मुख्यतः टर्बोच्या चाकाला वेग घ्यायला लागतो, पाइप भरायला नाही. खरा फायदा मिळतो तो बेंड कमी झाल्याने. प्रत्येक बेंडवर थोडा दाब जातो, आणि हा तोटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फुल थ्रॉटलला सगळ्यात जास्त. तो भरून काढायला टर्बोला जास्त दाबावं लागतं आणि हवा अजून तापते. एवढंच. हे गणित मी कापाकापीच्या आधी करायला हवं होतं, पण तेव्हा सुट्टी होती आणि डोकंही सुट्टीवर होतं.

आता मुख्य गोष्ट. थ्रॉटल डावीकडे आल्यावर चार नंबरचा सिलिंडर जवळचा झाला आणि एक नंबरचा शेवटचा. कोणाला जास्त हवा मिळणार? दादा म्हणाला, "अरे, सोपं आहे. ड्रिपच्या लॅटरलमध्ये शेवटच्या रोपाला पाणी कमी पडतं की नाही? तसंच एक नंबरला हवा कमी. म्हणजे तो रिच राहील, सेफ आहे." मी मेकॅनिकलचा, फ्लुइडचा पेपर काढलेला! मी मान डोलावली.

साफ चूक. लॅटरल 16 मिलिमीटरची आणि लांबच लांब. तिथे घर्षण दाब खाऊन टाकतं, म्हणून शेवटचं रोप तहानलेलं. आमची पेटी हातभर लांब आणि चांगली रुंद, तिच्यात घर्षण नगण्य. थ्रॉटलमधून हवा जोरात आत येते, पहिल्या रनरच्या तोंडावरून सुसाट पुढे जाते आणि बंद टोकाला आपटून थांबते. वेग गेला की त्याचा दाब होतो. आपला बर्नुलीच, दुसरं काही नाही. म्हणून शेवटच्या रनरला हवा जास्त आणि जवळच्याला कमी! कंपन्या बहुतेक वेळा पेटी थ्रॉटलपासून पुढे निमुळती करतात ती यासाठीच, म्हणजे हवा वाटेत कमी होत गेली तरी वेग साधारण सारखा राहतो. आमची पेटी अगदी चौकोनी, ट्रंकेसारखी.

इंजेक्टर मात्र चौघांना सारखंच पेट्रोल देतात. समजा सरासरी 12 भाग हवेला 1 भाग पेट्रोल आहे. शेवटच्याला 8 टक्के हवा जास्त गेली तर तिथे 13, जवळच्याला 8 टक्के कमी तर 11. ऑक्सिजन सेन्सर बसतो टर्बोच्या पुढे, चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर. तो दाखवणार 12. सगळं आलबेल!

चारोटी नाक्यापर्यंत जाऊन आलो. गाडी ओढत नव्हती. आम्ही चार नंबरचा प्लग काढून पाहिला (तो हाताशी होता, आणि दादाच्या ड्रिपच्या हिशोबाने धोका त्यालाच होता). थोडा काळपट, म्हणजे रिच. निर्धास्त झालो आणि बूस्ट वाढवला. खरं तर गाडी ओढत नव्हती कारण नॉक सेन्सरला एक नंबरची टकटक ऐकू येत होती आणि ईसीयू बिचारा टायमिंग मागे घेत होता. तो ओरडून सांगत होता, आम्ही त्याचा आवाज वाढवून दिला.

तिसऱ्या दिवशी ऑइल फिलरमधून धूर. हेड उघडलं. एक नंबरच्या पिस्टनची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटलेली, त्या प्लगचं टोक पांढरंफटक आणि त्यावर अॅल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके. बाकीचे तीन पिस्टन ठणठणीत. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चारही प्लग काढले असते तर अर्धा तास गेला असता." पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि मजुरीत त्याच्या एका तोड्याचे पैसे गेले.

नवी पेटी आम्ही निमुळती केली, रनरच्या तोंडांना आत भोंग्यासारखा आकार दिला. या वेळी डायनोवर फुल थ्रॉटलला नेऊन लगेच इंजिन बंद केलं आणि चारही प्लग ओळीने टेबलावर ठेवले. एक नंबरचा अजून किंचित फिकट आहे, म्हणून बूस्ट मूळचाच ठेवलाय. गाडी रस्त्यावर मात्र काढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. दादाला हे मी पिस्टन गेल्यावर सांगितलं, त्यावर त्याने जे ऐकवलं ते मासिकात छापता येणार नाही.

कॉलेजच्या फॉर्म्युला टीममधल्या पोरांना एक विनंती. तुमची हवा 20 मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून येते, तेव्हा तिचा वेग आमच्यापेक्षा जास्तच. चार सिलिंडरचं इंजिन घेतलंत तर पेटीचं ड्रॉइंग मला एकदा दाखवा. तुटलेला पिस्टन माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे, तोही बघून जा.