परदेशी कारागिराला दिल्लीत काम मिळतं का?

आपली मुलं परदेशात नोकरी कशी मिळवतात, यावर आपण आधी बोललो आहोत. आजचा प्रश्न उलटा आहे. परदेशातला सुतार, वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियन भारतात येऊन काम करू शकतो का?

हा प्रश्न मला आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी विचारला. साताऱ्याकडचे आहेत, आता गुरुग्रामला मुलीकडे राहतात. म्हणाले, "साहेब, जावईबापू जर्मन सुतार आहेत. हातात कला आहे, पण इथं अडकलेत." काय अडकलं, ते पुढे सांगतो. आधी हिशोब बघू.

ऑक्टोबर 2024 पासून दिल्लीत कुशल कामगाराचं किमान वेतन महिना 21,917 रुपये होतं. 26 दिवसांनी भागलं तर रोज साधारण 843 रुपये पडतो. जर्मनीत 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं, म्हणजे आठ तासांचे नऊ हजार रुपयांच्या वर. मुंबईत ज्याला आपण कामगारांचा नाका म्हणतो, तो इथला लेबर चौक. तिथे उभं राहून कोणता परदेशी कारागीर पोट भरणार?

आणि पोट भरायची तयारी असली तरी कायदा आडवा येतो. भारताचा एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा असेल तर पगार वर्षाला किमान 16.25 लाख रुपये असावा लागतो. दिल्लीतल्या कुशल कामगाराचं किमान वेतन वर्षाचं होतं सुमारे 2.63 लाख, म्हणजे सहापट फरक. शिवाय ज्या कामाला इथे पुरेशी माणसं मिळतात, त्यासाठी हा व्हिसा देत नाहीत. यामागचा हेतू सरळ आहे: बाहेरून स्वस्त मजूर आणून इथल्या माणसाची रोजी मारू नये.

पगाराच्या अटीतून थोडे लोक सुटतात: आपल्या देशाचे पदार्थ करणारे खानसामे, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषे, आणि दूतावासातले कर्मचारी. सुतार त्यात नाही.

नेपाळी माणसाची गोष्ट निराळी. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. दिल्लीत घरोघरी, हॉटेलांत, राखणदारीवर जे नेपाळी दिसतात, ते या करारामुळे.

मग नोएडात कोरियन आणि गुरुग्राम, नीमराणात जपानी तंत्रज्ञ दिसतात, ते कसे? ते इथे येऊन काम शोधत नाहीत. कंपनीच त्यांना पाठवते. यंत्र बसवायचं, चालू करून द्यायचं, इथल्या मुलांना शिकवायचं, यासाठी त्यांना पगार मिळतो. तेव्हा परदेशी कारागिराने कामाचा शोध आपल्या देशातच सुरू करावा. भारतात कारखाना असलेली कंपनी तिथेच गाठावी.

व्हिसा मात्र कामाला साजेसाच हवा. बिझनेस व्हिसावर येऊन प्रकल्पांवर राबणाऱ्या परदेशी कामगारांना 2009 मध्ये सरकारने परत जायला सांगितलं. त्यात वीज प्रकल्पांवरचे चिनी कामगार पुष्कळ होते. पुढे 2010 मध्ये वीज आणि पोलाद क्षेत्रासाठी वेगळा प्रोजेक्ट व्हिसा आला.

एम्प्लॉयमेंट व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओकडे नोंदणी करायची. हा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सोडून शेजारच्या कारखान्यात गेलो, असं चालत नाही.

आता जावईबापूंकडे येऊ. ते आले टुरिस्ट व्हिसावर. एका ठेकेदाराने "सब चलता है" म्हणून फर्निचरच्या कामावर घेतलं. दोन महिने राबवलं आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा हात वर केले. तक्रार करायची कुठे? पोलिसांत गेलं तर पहिला प्रश्न यांच्याच व्हिसाचा निघणार, हे ठेकेदाराला पक्कं माहीत होतं. टुरिस्ट व्हिसा इथे बसून एम्प्लॉयमेंट व्हिसात बदलूनही मिळत नाही.

मी सुभेदारांना एवढंच विचारलं, "लग्नाची नोंदणी केली आहे ना?" केली होती. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. सुरक्षा तपासणी होते, वेळ लागतो. पण कार्ड मिळालं की नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही आणि 16.25 लाखांची अटही राहत नाही. जावईबापू मुकाट्याने परत गेले, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर अर्ज केला आणि कार्ड घेऊन आले. आज एका फर्निचर कारखान्यात ते कारागिरांना यंत्रावरचं काम शिकवतात. ठेकेदाराकडचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच.

तुमच्या घरात असा जावई किंवा सून येणार असेल, तर लग्न झालं की त्याच आठवड्यात नोंदणी करून घ्या. दोन वर्षं मोजायची ती त्या कागदाच्या भरवशावर. आणि कुणी "सब चलता है" म्हणालं, तर आधी विचारा, पैसे बुडाले तर तक्रार कुणाच्या नावाने लिहायची?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.