वाचनालयामागची खोली

तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत मुलांना मन मोकळं करायला खोली हवी असं ठरलं, तेव्हा पहिली बैठक रंगावरच संपली. आकाशी की पोपटी, भिंतीवर कोणते सुविचार वगैरे. मला घोर होता दाराचा. शाळेने देऊ केलेली खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून होती. आत जाणारं पोर अख्ख्या स्टाफरूमला दिसणार आणि मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात कुजबुज सुरू. शेवटी वाचनालयामागची, नकाशे आणि लेझिमी कोंबलेली खोली मागून घेतली. तिकडे जायला कुणालाही निमित्त लागत नाही. पुस्तक बदलायचं असतंच.

टेबल आधी बाहेर काढलं. टेबलापलीकडे मोठं माणूस बसलं की मुलाला ती चौकशीच वाटते. दोन खुर्च्या जरा तिरक्या, खाली सतरंजी, एक कॅरम, कोरे कागद. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच बसवली. दिसावं पण ऐकू जाऊ नये, मुलाच्या सुरक्षिततेसाठी आणि समुपदेशकाच्याही. पंखा कुरकुरतो. तो मी बदलू दिला नाही. त्या आवाजाखाली बोलणं झाकलं जातं.

वाद झाला तो यादीवरून. कोण येऊन गेलं ते वर्गशिक्षकांना हवं होतं. समुपदेशक ताईंनी साफ नकार दिला. नोंदी कपाटात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. मात्र पहिल्याच भेटीत त्या मुलाला सांगतात : तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचार कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. हे ऐकून एखादं मूल उठून जातं. जाऊ दे. बोलून झाल्यावर ही अट सांगणं म्हणजे फसवणूक.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं. इथे ताई आठवड्यातून दोनदा येतात, त्याही एका माजी विद्यार्थ्याच्या देणगीवर. एरवी ग्रंथपाल सर खोली उघडतात. ते सल्ला देत नाहीत, कॅरम खेळतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ग्रंथालय कार्डाच्या मागे छापलाय.

दाराशी चिठ्ठ्यांची पेटीही ठेवली. पहिल्या चिठ्ठ्यांत दुःख वगैरे काही नव्हतं. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलीय, नववी ब मध्ये ट्यूबलाइट नाही, अमुक सर आडनावावरून चिडवतात. काही शिक्षक म्हणाले, हे काय मानसिक आरोग्य झालं? माझ्या मते तेच होतं. कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलीला दीर्घ श्वसन शिकवून काय उपयोग? कडी लगेच बसवून घेतली, सरांशी मुख्याध्यापक बोलले. त्यानंतर पेटीत घडी घातलेल्या, चारी बाजूंनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. आपण लिहिलेलं कुणी तरी वाचतं, हे पोरांनी आधी कडीवर तपासून घेतलं होतं.

सगळ्यात जास्त मुलं येतात ती शाळा सुटल्यावर. वाड्यावस्त्यांवरच्यांची एसटी उशिरा असते. पण पाचनंतर इमारत बंद करायचा नियम आहे, शिपाईमामांना घरी जायचं असतं. जादा तासाचे पैसे कुणी द्यायचे, यावर संस्थेशी अजून बोलणी चालू आहेत.